कॉम्प्युटर बंद पडतो, पण नेमका कधी?

बार्शीहून आलेलं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. मी बार्शीत टेलरिंगचं दुकान चालवतो. धाकटी मुलगी बारावी झाली, तिला थ्रीडी ॲनिमेशन शिकायचं आहे. त्याला साधा कॉम्प्युटर पुरत नाही म्हणाली. भिशीचे पैसे आणि तिच्या मामाने दिलेले, असे मिळून सत्तर हजारांच्या आत तिने एकेक भाग निवडला. काही पुण्याहून आणले, काही ऑनलाइन मागवले, आणि दिवाळीच्या सुट्टीत घरीच सगळं जोडलं. मी फक्त बॅटरी धरून उभा होतो. पहिल्यांदा स्क्रीन उजळली तेव्हा आम्ही गल्लीत पेढे वाटले.

आठ दिवस छान चालला, मग बंद पडू लागला. हळूहळू नाही, एकदम. चित्र जातं, पंखे थांबतात, मॉनिटरच्या कोपऱ्यातला निळा दिवासुद्धा विझतो. त्याच वेळी टेबलाखालून ‘पींऽऽ’ असा लांब आवाज येतो, तो मदरबोर्डचा असं मुलगी म्हणते. लगेच बटण दाबलं तर सुरू होत नाही. टेबलाखालची सगळी बटणं बंद करून, थोडं थांबून पुन्हा लावली की होतो. टायपिंग करताना कधी बंद पडला नाही. ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (म्हणजे केलेल्या कामाची पक्की चित्रं काढायला) लावला की पडतो, तोही दर वेळी नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, लाल खुणेसह ‘कर्नेल-पॉवर ४१’ असं येतं. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड पाठवा. मेहुणे म्हणतात एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) बदला, आणि तयार घेतला असता तर ही वेळ आली नसती हेही म्हणतात. जुन्या कॉम्प्युटरचा यूपीएस लावलेला आहे, त्यामुळे विजेचा प्रश्न नाही.

मुलगी दोन दिवस नीट जेवलेली नाही. आपणच काहीतरी बिघडवलं असं तिने मनाला लावून घेतलंय. काय बदलू ते सांगा. भागांची यादी सोबत जोडली आहे: प्रोसेसर रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, ५५० वॉटचा ब्रॉन्झ एसएमपीएस.

उत्तर

दादा, आधी काहीही बदलू नका. आणि मुलीला जेवायला बसवा. तिने निवडलेल्या यादीत एकही भाग चुकलेला नाही. तीनशे वॉटच्या आसपास लागणाऱ्या मशीनला तिने ५५० वॉटचा एसएमपीएस घेतला. पुष्कळ जण तिथेच पैसे वाचवतात आणि मग माझ्याकडे येतात.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीन-चारदा वाचलं: ‘मॉनिटरचा निळा दिवासुद्धा विझतो.’ कॉम्प्युटर स्वतःहून बंद पडला, मग तो उष्णतेने असो, एसएमपीएसने असो किंवा मदरबोर्डने, तर मॉनिटरला त्याचं काही घेणंदेणं नसतं. त्याची वीज वेगळ्या वायरने येते. तो ‘नो सिग्नल’ असं लिहितो, थोड्या वेळाने झोपतो, पण त्याचा दिवा मिणमिणत राहतो. दिवाही विझत असेल तर दोघांनाही एकाच क्षणी वीज मिळेनाशी होते. म्हणजे तुमचा कॉम्प्युटर बंद पडत नाही, त्याच्या हातातून कुणीतरी वीज काढून घेतं. मदरबोर्ड त्या गुन्ह्याच्या जागी हजरच नव्हता.

राहिला तो ‘कर्नेल-पॉवर ४१’. त्याने तुमची लेक घाबरली असणार, कारण इंटरनेटवर त्याचा अर्थ सरसकट ‘एसएमपीएस गेला’ असा लावतात. विंडोज त्यातून एवढंच सांगतं की मागच्या वेळी मला रीतसर निरोप न देता बंद केलं. वायर ओढली तरी हीच नोंद होते. त्या नोंदीच्या तपशिलात ‘बगचेक कोड’समोर शून्य असेल, तर कशामुळे बंद झालं ते विंडोजलाही कळलेलं नाही.

म्हणून हे उत्तर छापायला देण्याआधी मी तुमच्या मुलीशी फोनवर बोलले आणि तिला एक वही करायला सांगितली. कुठलंही स्क्रू न काढता पाच दिवस फक्त लिहायचं: किती वाजले, काय चालू होतं, घरात आणखी काय चालू होतं, काय झालं. हे मी प्रत्येकाला सांगते, कारण मला ते फार महागात पडून कळलं आहे.

२००८ साली, माझं सांगलीतलं दुकान सुरू होऊन सात वर्षं झाली होती, तेव्हा एक डीटीपीवाले काका ऐन लग्नसराईत मशीन घेऊन आले. पत्रिकांची कामं अंगावर, आणि मशीन दिवसातून पाचदा बंद. मी एसएमपीएस बदलला. माझ्या टेबलावर मशीन दिवसभर चाललं, त्यांच्याकडे गेलं की बंद. मग रॅम बदलली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी त्यांच्या घरी गेले. एक्स्टेंशन बोर्डातलं सॉकेट आतून करपलं होतं, आणि काका पाय हलवताना वायरीला गुडघा लागला की संपर्क तुटत होता. मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की बंद पडतो तेव्हा तुम्ही काय करत असता. दोन्ही भागांचे पैसे मी परत केले, पण त्यांच्या हातून गेलेली चार घरच्या पत्रिकांची कामं मला परत करता आली नाहीत. तेव्हापासून माझ्या दुकानात कॅबिनेट उघडण्याआधी वही उघडते.

तुमच्या लेकीने वही फार नेटकी ठेवली. तिच्या परवानगीने त्यातल्या नोंदी इथे देते.

सोमवार, संध्याकाळी ७.१०, रेंडर चालू, बंद.
मंगळवार, सकाळी ११, रेंडर ४० मिनिटं, काही झालं नाही.
मंगळवार, संध्याकाळी ७.०५, रेंडर चालू, बंद.
बुधवार, संध्याकाळी ७.१०, फक्त टायपिंग. टेबलाखालून दोनदा ‘पीं’ झालं, बंद नाही.
गुरुवार, संध्याकाळी ७.२०, रेंडर चालू, बंद.

आणि गुरुवारच्या ओळीखाली, वेगळ्या अक्षरात, वहिनींनी लिहिलं होतं: ‘मी पाण्याची मोटार लावली तेव्हाच.’

ही एक ओळ मिळाली नसती तर मी अजून अंदाज बांधत बसले असते.

आता काय होत होतं ते सांगते. मोटार सुरू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. घराच्या वायरिंगमध्ये तेवढ्या क्षणापुरतं व्होल्टेज खाली बसतं. ट्यूब लुकलुकते, पंखा किंचित मंदावतो, ते तुम्ही रोज पाहता आणि त्याची सवय झालेली असते. यूपीएसला मात्र वाटतं की लाइट गेली. तो लगेच कॉम्प्युटरला बॅटरीवर घेतो आणि ‘पीं’ करून तसं कळवतो. टेबलाखालचा आवाज मदरबोर्डचा नव्हता, यूपीएसचा होता.

बुधवारी टायपिंग चालू होतं. तेव्हा मॉनिटर धरून सगळं मिळून फार तर शंभर वॉट लागत असतील. बॅटरीने तेवढं पेललं, मोटारीने वेग घेतला, व्होल्टेज सावरलं, यूपीएस परत लाइटवर आला. रेंडर चालू असताना हिशेब वेगळा होतो. तुमच्या प्रोसेसरवर ६५ वॉट लिहिलेलं असलं तरी तो पूर्ण जोरात ७६ वॉटपर्यंत जातो. कार्ड १७० वॉट. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ४० धरू. झाले २८६. पण हे एसएमपीएसच्या आतल्या बाजूचं. त्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर बाहेरून त्याला सुमारे ३३५ वॉट ओढावे लागतात. मॉनिटरचे २५ मिळवले की ३६०.

आता तुमच्या यूपीएसच्या पाठीमागचं लेबल वाचा. मुलीने मला फोटो पाठवला, म्हणून मला माहीत आहे. मोठ्या अक्षरांत ‘६०० व्हीए’, आणि खाली बारीक अक्षरांत ‘३६० वॉट’. व्हीए म्हणजे वॉट नव्हे. आपल्याकडच्या घरगुती यूपीएसवर हा फरक बऱ्याचदा असाच, ६०० ला ३६०, १००० ला ६००, असतो. दुकानात सगळे ‘सहाशेचा यूपीएस’ म्हणतात, म्हणून घेणाऱ्याला वाटतं सहाशे वॉट मिळाले. तुमचा यूपीएस रेंडरच्या वेळी काठोकाठ भरलेल्या घागरीसारखा होता. त्यात ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी स्वतःच्या आकड्याच्याही वर उडी मारतं.

शिवाय बॅटरी. ती बारा व्होल्टची असते. ३६० ला १२ ने भागा: तीस ॲम्पिअर, आणि यूपीएसच्या आतली गळती धरली तर त्याहून जास्त. तुमच्या यूपीएसात सात ॲम्पिअर-अवरची लहान बॅटरी आहे, पाच वर्षांपूर्वीची, एकदाही न बदललेली. जुन्या कॉम्प्युटरला दहा ॲम्पिअरही पुरत होते, तेवढं ती कशीबशी देत राहिली. तीस मागितले की तिने मान टाकली, आणि यूपीएसने स्वतःला वाचवण्यासाठी सगळं बंद केलं. म्हणूनच कॉम्प्युटरचं बटण दाबून काही होत नव्हतं आणि टेबलाखालची बटणं बंद-चालू केल्यावर होत होतं. त्या बटणांत यूपीएसचंही बटण होतं.

माझा तर्क खरा की खोटा, हे एक पैसा न घालवता तपासता येत होतं. शुक्रवारी मुलीने यूपीएस बाजूला ठेवला आणि कॉम्प्युटर व मॉनिटर भिंतीतल्या तीन पिनच्या सॉकेटांवर थेट लावले. ३६० वॉट म्हणजे दीड-पावणेदोन ॲम्पिअर, साध्या सॉकेटला ते काहीच नाही. सात वाजता रेंडर लावला आणि वहिनींना हाक मारली. वहिनींनी मोटार लावली. ट्यूब लुकलुकली. रेंडर चालूच. मोटार बंद करून पुन्हा लावली, आणि तिसऱ्यांदा लावली. रेंडर चालूच. फोनवर मला मागे तुमच्या शिलाई मशीनचा आवाज ऐकू येत होता, तो थांबला, आणि तुम्ही ‘चालतोय का अजून?’ असं विचारलंत. चांगला एसएमपीएस एवढा क्षणिक झोल स्वतःच्या कपॅसिटरमध्ये साठवलेल्या विजेवर निभावतो. आणि तिने घेतलेल्या एसएमपीएसच्या लेबलवर ‘१००-२४० व्होल्ट’ लिहिलं आहे. स्वस्तातल्या काहींवर ‘२००-२४०’ असतं, आणि जिथे संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतं तिथे ते खरोखर त्रास देतात. बार्शीच्या गल्लीत बसून तिने हे लेबल वाचून घेतलं होतं की नशिबाने मिळालं, ते मी विचारलं. ती म्हणाली, वाचून घेतलं. दादा, या मुलीला शिकू द्या.

आता पुढे. जुन्या यूपीएसची नुसती बॅटरी बदलू नका, ३६० वॉटची मर्यादा तशीच राहील. घेणार असाल तर लेबलवर निदान ६०० वॉट लिहिलेला घ्या, आणि दुकानात ‘हजारचा द्या’ असं न म्हणता वॉट विचारा. त्यावर कॉम्प्युटर आणि मॉनिटर, बस्स. प्रिंटर त्यावर लावू नका. जुना यूपीएस नवी बॅटरी टाकून वाय-फायच्या डब्याला आणि दुकानातल्या एखाद्या दिव्याला लावलात तर तो अजून काही वर्षं कामाला येईल.

यूपीएस येईपर्यंत लाइट गेली तर काम जाईल, त्यासाठी मुलीला एक सांगायचं आहे. रेंडर थेट व्हिडिओ फाइलमध्ये काढू नकोस. पीएनजी चित्रांची मालिका काढ, प्रत्येक फ्रेम वेगळी फाइल. दोनशेव्या फ्रेमला लाइट गेली तर एकशे नव्याण्णव तुझ्या डिस्कवर सुरक्षित असतील, आणि तू दोनशेपासून पुन्हा सुरू करशील. शेवटी सगळ्या जोडून व्हिडिओ करायला पाच मिनिटं लागतात.

ज्यांच्याकडे कॉम्प्युटर जातो पण मॉनिटरचा दिवा राहतो, त्यांचा रस्ता वेगळा. तिथे पहिला प्रश्न हा की बंद पडल्यावर समोरचं बटण दाबून लगेच सुरू होतो, की भिंतीवरचं बटण बंद करून थांबावं लागतं. थांबावं लागत असेल तर एसएमपीएसने जास्त करंट किंवा शॉर्ट पाहून स्वतःला कुलूप लावलेलं असतं, आणि वीज पूर्ण काढल्याशिवाय ते उघडत नाही. मग कार्डाचा आठ पिनचा प्लग ‘टक्’ होईपर्यंत बसलाय का ते पाहा, आणि प्रोसेसरजवळच्या कोपऱ्यातला आठ पिनचा प्लगही. मदरबोर्डाखाली जिथे भोक नाही अशा जागी एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो ती लहान खुंटी) राहिलाय का तेही पाहा. तो बोर्डाच्या पाठीला टेकतो आणि कॅबिनेट जरा दाबलं गेलं की शॉर्ट होतो. एसएमपीएसचा डबा मात्र कुणीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर साठा राहू शकतो, आणि तो माणूस मारू शकतो.

नांदेडहून, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

ताई, नवीन मशीन जोडलं. भिंतीवरचं बटण लावलं की समोरचं बटण न दाबताच पंखे फिरतात आणि चार सेकंदांत बंद. दहा वेळा केलं, दहाही वेळा चारच सेकंद. बोर्ड डेड आहे का?

उत्तर

तू सेकंद मोजलेस हे फार बरं केलंस, कारण ‘चार’ हा आकडाच उत्तर आहे. कॉम्प्युटर अडकला तर आपण पॉवरचं बटण चार सेकंद दाबून धरतो आणि तो बंद होतो. तुझ्या मशीनला कुणीतरी सतत बटण दाबून धरलंय असं वाटतं आहे. नवीन कॅबिनेटमध्ये समोरचं बटण प्लॅस्टिकच्या कडेला अडकून आत राहिलेलं मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

कॅबिनेटकडून बोर्डाला आलेली ‘पॉवर एसडब्ल्यू’ लिहिलेली बारीक वायर काढ. वीज लाव. आता ते आपोआप सुरू व्हायला नको. मग त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून उचल. तिथे अगदी कमी व्होल्टेज असतं, धोका नाही, फक्त बाजूच्या पिनांना लागू देऊ नकोस. मशीन सुरू होऊन चालू राहिलं तर दोष बटणाचा. तोवर रीसेटच्या बटणाची वायर त्या पिनांवर लाव आणि तेच पॉवरचं बटण म्हणून वापर, काही बिघडत नाही. तरीही चार सेकंदांनीच बंद झालं, तर एकच रॅम ठेवून पाहा आणि बोर्डावरचा कुठला लहान दिवा पेटतो त्याचा फोटो पाठव.

चिपळूणहून, एक गृहिणी

नमस्कार ताई. घरगुती लोणच्या-मसाल्यांचा व्यवसाय आहे, हिशेबासाठी कॉम्प्युटर हवा होता. डोंबिवलीच्या भावाने आय५ १२४०० प्रोसेसर घेऊन जोडून दिला. त्याच्याकडे चार दिवस उत्तम चालला. गाडीतून इकडे आणला आणि पहिल्या दिवसापासून दोन-तीन मिनिटांत बंद. लगेच चालू होतो, पण मग आणखी लवकर बंद होतो. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ येतं. इकडच्या दमट हवेने झालं असेल का? भाऊ म्हणतो परत पाठव.

उत्तर

ताई, दमट हवा एका दिवसात असं करत नाही. आणि परत पाठवू नका, पुन्हा तोच घाट आणि तेच खड्डे.

लगेच चालू होतो पण आणखी लवकर बंद होतो, हे तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. तापलेला तवा गॅस बंद करून लगेच पुन्हा लावला तर दुसऱ्यांदा किती पटकन तापतो, तसंच हे. प्रोसेसर तापतोय, स्वतःला वाचवायला बंद होतोय, आणि थंड व्हायच्या आत तुम्ही त्याला पुन्हा उठवताय. खात्री करायची तर पूर्ण गार होऊ द्या, मग सुरू करताना डिलीटचं बटण दाबत राहा म्हणजे बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधीचा सेटिंगचा, पडदा येईल. तिथे प्रोसेसरचं तापमान दिसतं. ४०-४५ वर रेंगाळलं तर ठीक. तुमच्या डोळ्यांदेखत ७०, ८०, ९० असं चढत गेलं तर बंद करा, निदान झालं. त्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे.

इंटेलबरोबर येणारा गोल पंखा चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसतो, स्क्रूने नाही. प्रवासात हादऱ्यांनी त्यातली एखादी सुटली की पंखा फिरत राहतो, पण त्याखालचा धातू प्रोसेसरला नीट टेकत नाही. बाहेरून सगळं छान दिसतं. वायर काढून कॅबिनेट आडवं ठेवा, डावं झाकण उघडा, आणि चारही खुंट्या हलक्या हाताने हलवून पाहा. जी डुगडुगते तीच. सैल झालेली खुंटी आधी बाणाच्या उलट दिशेने पूर्ण फिरवून मूळ जागी आणा, मग सरळ खाली दाबा, ‘टक्’ आवाज येईपर्यंत. बाणाच्या दिशेने फिरवलं तर ती सुटते, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. एकाहून जास्त सुटल्या असतील तर समोरासमोरच्या, म्हणजे तिरक्या जोडीने दाबा.

पंखा पूर्ण उचलला गेला असेल तर खालची करडी पेस्ट पुन्हा कामाची नाही. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्हीकडून पुसायची आणि नवी लावायची, मटारच्या एका दाण्याएवढी, मधोमध. पसरवायची गरज नाही, दाबाने ती आपोआप पसरते. पेस्टची लहान नळी चिपळूणमध्ये मोबाइल दुरुस्तीवाल्याकडेही मिळेल. जे वाचक वेगळा कूलर विकत घेऊन लावतात त्यांनी त्याच्या तळाची पारदर्शक फिल्म काढली आहे ना, ते आठवून पाहावं. ती तशीच ठेवून लावलेले कूलर माझ्या दुकानात दर वर्षी येतात, आणि लक्षणं अगदी तुमच्यासारखीच असतात.

पुढच्या वेळी प्रवासाला न्याल तेव्हा कॅबिनेट गादीवर असं आडवं ठेवा की मदरबोर्ड खाली आणि पंखा वर राहील.

कणकवलीहून, निवृत्त शिक्षक

ताईंना नमस्कार. मुलाने नवा कॉम्प्युटर जोडून दिला. अनवाणी असताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात. पेनड्राइव्ह लावताना दोनदा तो आपोआप बंद होऊन सुरू झाला. सॉकेट जुनं दोन पिनचं असल्याने मी तीन पिनला दोन पिन करणारा जोड वापरतो. मुलगा म्हणतो, एवढं चालतं.

उत्तर

सर, एवढं चालत नाही. हे पत्र वाचून झाल्यावर कॉम्प्युटरची वायर काढा आणि अर्थिंग होईपर्यंत लावू नका.

एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यातले दोन लहान कपॅसिटर विजेतला खरखराट अर्थच्या वायरीकडे, म्हणजेच कॅबिनेटच्या पत्र्याकडे सोडतात. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो आणि तुम्हाला कळतही नाही. तुमच्या जोडाने तिसरी पिनच गायब केली, त्यामुळे पत्रा २३० च्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो आणि तुमच्या अनवाणी पायांतून वाट शोधतो. करंट अगदी थोडा असतो, म्हणून फक्त मुंग्या येतात. पण उद्या आत एखादी वायर खरोखर पत्र्याला लागली तर त्याला अडवायला काहीच उरलेलं नाही. पेनड्राइव्ह लावताना मशीन बंद होतं तेही याच तरंगत्या पत्र्यामुळे असण्याचा दाट संभव आहे. आपल्या प्लगची वरची पिन बाकीच्यांपेक्षा जाड आणि लांब असते, ती याचसाठी की प्लग आत जाताना अर्थ आधी जुळावा आणि बाहेर येताना शेवटी सुटावा.

तीन पिनचं सॉकेट नुसतं बसवून घेऊ नका. जुन्या घरांत तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. वायरमनला मल्टीमीटर आणायला सांगा आणि तुमच्यासमोर मोजायला लावा. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर दोन-तीन व्होल्ट. अर्थिंगचा खड्डा परसात असेल तर तो किती वर्षं कोरडा आहे तेही पाहा. मुलाला माझा निरोप द्या की सुट्टीत घरी आला की आधी हे काम करावं. मोजलेले दोन्ही आकडे मला लिहून पाठवा.